हजेरीचे दहा रुपये आणि माकडाची कडी

गेल्या वर्षी शाळा उघडण्याच्या सुमारास आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीची बैठक विहारामागच्या खोलीत भरली होती. विषयपत्रिकेवर पाचवा विषय होता, 'अभ्यासिकेतील घटती उपस्थिती'. अभ्यासिका संध्याकाळी सात ते नऊ उघडी असते. दिवे आहेत, पंखे आहेत, बाकडी आहेत. मुले मात्र येत नाहीत. एका तरुण सभासदाने सूचना मांडली की जो विद्यार्थी येईल त्याला दर दिवशी दहा रुपये द्यावेत. देणगीदारही त्याने शोधून ठेवला होता. "दहा रुपयांनी आपलं काय बिघडणार आहे? पोरं तर येतील!" असे तो म्हणाला. त्यावर निवृत्त शिक्षक असलेले आमचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणतो, ते म्हणाले, "अरे, आज दहा देशील, उद्या पंधरा मागतील. आणि बंद केलेस की मग काय करशील?" तासभर चर्चा झाली, आवाज चढले. बँकेतील नोकरीमुळे संस्थेचे हिशेब आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम आमच्याकडे आलेले आहे. इतिवृत्तात आम्ही लिहिले, 'विषय पुढील बैठकीसाठी तहकूब'.

विषय तहकूब झाला, पण डोक्यातून गेला नाही. बी.ए.ला आमचा मानसशास्त्र हा विषय होता आणि त्यात 'प्रेरणा' नावाचे एक प्रकरण होते. परीक्षेत त्यावर प्रश्न हमखास येई म्हणून आम्ही ते पाठ केले होते, आणि परीक्षा झाल्यावर विसरलोही होतो. माणूस किंवा प्राणी जे करतो ते का करतो, एवढाच त्या प्रकरणाचा विषय. दहा रुपयांचा प्रश्न नेमका तोच होता. म्हणून जुने क्रमिक पुस्तक शोधून काढले, त्यानंतर झालेले संशोधनही जमेल तसे वाचले. त्यातून जे हाती लागले ते सभासद बंधुभगिनींसमोर आणि विशेषतः विद्यार्थ्यांसमोर ठेवीत आहोत.

सुरुवातीच्या मानसशास्त्रज्ञांचे उत्तर सोपे होते. सुगरण पक्षी घरटे विणतो, कोळी जाळे विणतो, त्यांना कोणी शिकवीत नाही; ती त्यांची सहजप्रवृत्ती. विल्यम मॅक्डूगल यांनी १९०८ च्या आपल्या पुस्तकात माणसालाही अशाच सहजप्रवृत्ती चिकटवल्या. मग प्रत्येक लेखक आपापली यादी करू लागला. माणूस भांडतो कारण त्याच्यात भांडणाची प्रवृत्ती, जमवतो कारण जमवण्याची प्रवृत्ती. १९२४ साली ल्यूथर बर्नार्ड यांनी तोवरच्या ग्रंथांतील अशा प्रवृत्ती गोळा केल्या तेव्हा त्यांची संख्या हजारांत गेली. एखादे खाते का जुळत नाही असे साहेबांनी विचारावे आणि आपण 'न जुळण्याच्या प्रवृत्तीमुळे' असे सांगावे, तसा हा प्रकार. नाव दिले म्हणजे कारण सांगितले असे होत नाही.

दुसरे उत्तर प्रयोगशाळेतून आले. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली भुकेल्या मांजराला लाकडी पट्ट्यांच्या खोक्यात कोंडले आणि बाहेर खाद्य ठेवले. मांजर ओरबाडे, चावे, पट्ट्यांतून पंजा घाली. असे करता करता कधीतरी दोरीला पंजा लागे आणि दार उघडे. त्याच मांजराला पुन्हा पुन्हा कोंडले की वेळ हळूहळू कमी होत जाई. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा झाला ती टिकते, इतर गळून पडतात, असा नियम त्यांनी मांडला. आपल्या पुस्तकांतून 'प्रयत्न-प्रमाद' म्हणून जे शिकवतात ते हेच.

पुढे येल विद्यापीठातील क्लार्क हल यांनी १९४३ साली या नियमाला पाया दिला. त्यांचे म्हणणे असे की शरीरात काही कमी पडले, अन्न किंवा पाणी, की एक ताण निर्माण होतो. हा ताण प्राण्याला स्वस्थ बसू देत नाही. ज्या कृतीने तो उतरतो ती कृती अंगवळणी पडते. ताण उतरला की प्राणी शांत. म्हणजे सगळ्या धडपडीच्या मुळाशी पोट, आणि पोट भरले की धडपड संपली. हे ऐकायला पटते. 'पापी पेट का सवाल' हे आपणही म्हणतोच.

बी. एफ. स्किनर यांनी ताणाचा विचार बाजूला ठेवला आणि फक्त कृती व बक्षीस यांचा हिशेब मांडला. त्यांची पेटी प्रसिद्ध आहे. उंदराने दांडी दाबली की अन्नाची गोळी पडते. या गोळ्या त्यांना स्वतः तयार कराव्या लागत. एका शनिवारी त्यांच्या लक्षात आले की सोमवारपर्यंत साठा पुरणार नाही. म्हणून त्यांनी दर दाबण्याला गोळी न देता मिनिटाला एकच द्यायचे ठरवले. उंदीर दांडी दाबतच राहिले. अधूनमधून मिळणारे बक्षीस हे दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा सवयीला जास्त घट्ट बांधते, ही गोष्ट अशा काटकसरीतून पुढे आली. दर वेळी गोळी मिळणारा उंदीर गोळ्या बंद होताच थोड्या वेळात दांडी सोडतो; कधीमधी मिळणारा मात्र कितीतरी वेळ दाबतच राहतो. लॉटरीचे तिकीट रोज घेणारा माणूस आम्ही काउंटरच्या काचेतून पाहिलेला आहे. पगार जमा झाला की त्याच दिवशी काढायला येतो. आजच्या मुलांच्या हातातील मोबाइललाही हाच नियम लागू आहे. दहा वेळा उघडला तर एखाद्या वेळी काहीतरी नवे दिसते, म्हणून अकराव्यांदा उघडला जातो.

इथवर वाचून दहा रुपयांच्या बाजूचे सभासद खूश झाले असतील. पण आता अडचणींना सुरुवात होते.

हल यांचे म्हणणे खरे मानले तर ज्याने शरीराची कोणतीच गरज भागत नाही अशा गोष्टीसाठी प्राण्याने धडपडता कामा नये. १९५० साली शेफील्ड आणि रॉबी यांनी उंदरांना सॅकरीन दिले. त्यात गोडी आहे, पोषण काहीच नाही. तरी उंदीर त्यासाठी शिकले. मग कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात माणसांवर झालेला प्रयोग १९५४ साली प्रसिद्ध झाला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर द्यायचे, त्या काळी ही रक्कम चांगलीच होती. काम कोणते? मऊ गादीवर पडून राहायचे. जेवण, प्रातर्विधी यांची सोय होती. फक्त डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांवर मोजे आणि पुठ्ठ्याच्या नळ्या, कानांशी एकसुरी घरघर. काही पाहायचे नाही, हाताळायचे नाही. बहुतेक विद्यार्थी दोन-तीन दिवसांतच पैसे सोडून उठून गेले. पोट भरलेले, पैसे मिळताहेत, कष्ट शून्य. तरी माणूस टिकला नाही.

आता आमच्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा प्रयोग. तो अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि १९५० साली प्रसिद्ध झाला. प्रयोगातील माकडे ऱ्हीसस जातीची, म्हणजे उत्तर भारतात देवळांच्या आणि रेल्वे स्थानकांच्या आसपास दिसणारी लाल तोंडाची. हार्लो यांनी त्यांच्या पिंजऱ्यात एक फळी बसवली. फळीवर आपल्या घरच्या दारासारखी कडी, तिच्यात कोयंडा, वर आकडा, आणि सगळ्याला अडवणारी एक खिटी. आधी खिटी काढायची, मग आकडा, मग कोयंडा. क्रम चुकला तर उघडत नाही. आणि उघडून मिळायचे काय? काहीच नाही. मागे दार नव्हते, खाऊ नव्हता. माकडे उपाशीही नव्हती.

तरीही माकडे त्या फळीशी बसली. कोणी शिकवले नाही, कोणी काही दिले नाही, आणि काही दिवसांत ती कडी पटापट उघडू लागली. उघडली की पुन्हा लावून ठेवायचे काम मात्र माणसांकडे असे. हार्लो यांनी या ओढीला हाताळण्याची प्रेरणा असे नाव दिले. आम्ही म्हणू की माकडाला कडी उघडायची होती म्हणून त्याने ती उघडली.

पुढचा भाग अधिक लक्ष देऊन वाचावा. मग प्रयोगकर्त्यांनी माकडांच्या देखत त्याच कडीखाली मनुका ठेवली. आता तर काम दुप्पट उत्साहाने व्हायला हवे. झाले उलटे. शिकलेला क्रम विस्कटला, चुका वाढल्या. माकड खिटी, आकडा सोडून थेट मनुका असलेल्या जागेवरच तुटून पडू लागले. जे काम ते आदल्या दिवशी सफाईने करीत होते तेच बक्षीस दिसताच बिघडले.

हार्लो यांचेच सहकारी रॉबर्ट बटलर यांनी १९५३ साली माकडाला बंद खोक्यात ठेवले. दोन रंगांच्या दोन खिडक्या. योग्य रंगाची ढकलली तर ती उघडून थोडे क्षण बाहेर पाहायला मिळे, चुकीची उघडत नसे. बक्षीस म्हणजे केवळ पाहणे. बाहेर दुसरे माकड असे, किंवा खेळण्यातली आगगाडी फिरत असे. माकडे तासन्‌तास खिडकी ढकलत राहिली. चाळीच्या गॅलरीत दुपारभर उभ्या असलेल्या माणसांना आपण रिकामटेकडे म्हणतो. आम्ही हे वाचल्यापासून म्हणत नाही.

याच हार्लो यांनी १९५८ साली नवजात पिलांना दोन कृत्रिम आया दिल्या, एक तारेच्या जाळीची आणि एक मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली तरी पिलू दूध पिऊन परत कापडाच्या आईलाच बिलगे. प्रेम हे दुधामुळे उपजते, हा तोवरचा सिद्धांत त्यामुळे मागे पडला. इथे एक गोष्ट नमूद केल्याशिवाय राहवत नाही. त्यानंतर हार्लो यांनी पिलांना महिनोन् महिने एकटे कोंडून जे प्रयोग केले ते निर्दय होते, आणि त्यांच्याच देशात त्यावर टीका झाली. प्रयोगशाळांसाठी भारतातून मोठ्या प्रमाणावर माकडे परदेशी जात असत. ती निर्यात आपल्या सरकारने १९७८ साली बंद केली. ज्ञान मिळाले हे खरे, पण त्याची किंमत कोणी भरली तेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

हे सारे प्रयोग एकत्र ठेवून रॉबर्ट व्हाइट यांनी १९५९ साली एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की आजूबाजूच्या जगावर आपल्या कृतीचा काही परिणाम होतो, आपल्याला हे जमते, याची जाणीव हीच एक स्वतंत्र प्रेरणा आहे. तान्हे मूल चमचा दहादा खाली टाकते आणि आई दहादा उचलते. मुलाला चमचा नको असतो. आपण टाकला की पडतो आणि आवाज होतो, हे त्याला पुन्हा पुन्हा करून पाहायचे असते.

क्रमिक पुस्तकात यानंतर अब्राहम मास्लो यांचा त्रिकोण येतो. खाली अन्नपाणी, वर सुरक्षितता, मग आपुलकी, मग प्रतिष्ठा आणि शिखरावर आत्मविकास. मास्लो हे हार्लो यांच्याच हाताखाली डॉक्टरेट मिळवलेले विद्यार्थी, हे आम्हालाही आत्ताच कळले. त्यांच्या १९४३ च्या मूळ लेखात त्रिकोणाचे चित्र नाही. ते नंतर व्यवस्थापनाच्या मंडळींनी काढले. खालची गरज बऱ्याच अंशी भागल्याशिवाय वरची जागी होत नाही, हा त्याचा ढोबळ अर्थ सांगितला जातो. मास्लो यांनी स्वतः त्याला अपवाद मान्य केले होते, पण पुस्तकांतून अपवाद गळाले आणि त्रिकोण तेवढा उरला. आमच्या वाचकांना हा क्रम मुळीच पटणार नाही. महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर जे लोक गेले ते तहान लागली म्हणून तेवढे गेले नव्हते. अर्धपोटी राहून मुलांच्या फीचे पैसे भरणाऱ्या आया आपण आपल्याच घरांत पाहिलेल्या आहेत. प्रतिष्ठा ही पोट भरल्यावरची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांना ती कधी मागावी लागलेली नसते.

मेंदूच्या संशोधनाकडे थोडे वळू. १९५४ साली मॅकगिलमध्येच जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि दांडी दाबली की तेथे सूक्ष्म विद्युतप्रवाह जाईल अशी योजना केली. उंदीर तासाला शेकडो वेळा दांडी दाबू लागले. पुढच्या प्रयोगांत तर अन्नाकडेही त्यांनी पाठ फिरवली. सुखाचे केंद्र सापडले असे सर्वांना वाटले. परंतु १९८९ पासून केंट बेरिज यांनी वेगळेच दाखवले. ज्या उंदरांच्या मेंदूत डोपामीन हे रसायन जवळजवळ उरले नाही, ते समोरच्या अन्नाकडे जात नाहीत. पण तोंडात गोड थेंब टाकला की जीभ बाहेर काढून मिटक्या मारतात, म्हणजे गोडी त्यांना पूर्वीइतकीच लागते. तेव्हा 'हवेसे वाटणे' आणि 'आवडणे' या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनी माणसाला दारू आवडेनाशी झाली तरी हवी असते, ती याचमुळे. तृष्णा हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. मात्र अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शब्दावर आजच्या रसायनाचे नाव चिकटवून मोकळे व्हावे, अशा मताचे आम्ही नाही. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी समजून घ्याव्यात.

आता पुन्हा माकडाच्या मनुकेकडे येऊ, कारण आमचा प्रश्न तिथे आहे.

माणसाच्या बाबतीतही बक्षिसाने काम बिघडते का? एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली २४ विद्यार्थ्यांवर हे तपासले. सात तुकड्यांचे एक कोडे होते. ते जोडून वेगवेगळे आकार करायचे. तीन दिवस तीन बैठका. दुसऱ्या बैठकीत अर्ध्या विद्यार्थ्यांना सुटलेल्या प्रत्येक आकाराला एक डॉलर दिला, तिसऱ्या बैठकीत काही नाही. प्रत्येक बैठकीत प्रयोगकर्ता काहीतरी निमित्त काढून आठ मिनिटे खोलीबाहेर जाई. जवळ मासिके ठेवलेली असत. मुले त्या आठ मिनिटांत आपखुशीने कोडे सोडवतात की मासिक चाळतात, एवढेच तो आडून पाहत असे. ज्यांना पैसे मिळाले होते त्यांचा तिसऱ्या दिवशीचा आपखुशीचा वेळ पहिल्या दिवसापेक्षा घटला. प्रयोग लहान होता आणि फरकही फार मोठा नव्हता, हे सांगितले पाहिजे.

त्याहून पक्का प्रयोग १९७३ चा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मनापासून आवडते अशी ५१ मुले निवडली. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधी सांगितले, 'चित्र काढलेस तर सोनेरी तारा आणि लाल फीत असलेले प्रमाणपत्र मिळेल.' दुसऱ्याला आधी काही सांगितले नाही, चित्र झाल्यावर तेच प्रमाणपत्र अचानक दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. आठ-पंधरा दिवसांनी वर्गात पेने पुन्हा मांडली आणि कोण किती वेळ चित्रे काढतो ते पाहिले. अचानक बक्षीस मिळालेली आणि बक्षीस न मिळालेली मुले पूर्वीसारखीच रमली. ज्यांच्याशी आधी बक्षिसाचा करार झाला होता ती मात्र इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रे काढीत होती. प्रमाणपत्र तेच होते, फरक कराराचा होता. 'हे कर म्हणजे ते मिळेल' असे म्हटले की 'हे' आपोआप 'ते' मिळवण्याचे साधन होते, आणि साधनावर कोणी प्रेम करीत नाही.

हा प्रयोग वाचताना आम्हाला हसू आले नाही, कारण तो आम्ही आमच्या घरात करून चुकलो होतो. आमची मुलगी तिसरीत असताना पुस्तकांची वेडी होती. विहारातील कपाटातून एक पुस्तक आणायचे, दुसऱ्या दिवशी बदलायला धावायचे. हे कौतुक वाढावे म्हणून आम्ही पानामागे एक रुपया जाहीर केला. तिने लगेच वही घातली. तारीख, पुस्तक, पाने, रक्कम असे रकाने आखले. बँकवाल्याची मुलगी शोभते, असे आम्ही शेजाऱ्यांना सांगत होतो. पंधरा दिवसांनी तिने विचारले, "पप्पा, चित्रांची पानं धरायची ना?" आम्ही हो म्हणालो. मग पुस्तके पातळ होत गेली, अक्षर मोठे होत गेले. अर्धे वाचलेले एक गोष्टींचे पुस्तक तिने परत केले, कारण त्यात 'एका पानात खूपच मजकूर' होता. चौथ्या महिन्यात घरखर्च वाढला म्हणून आम्ही योजना बंद केली. त्या संध्याकाळी ती पुस्तकाला हात न लावता बसली होती. विचारले तर म्हणाली, "मग आता कशाला वाचू?" या प्रश्नाला देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी होते, पण पानामागे एक रुपया हे उत्तर आम्हीच आधी तिला देऊन बसलो होतो. पुन्हा पूर्वीसारखी वाचायला लागायला तिला जवळजवळ दोन वर्षे लागली.

एका घरच्या अनुभवावर सिद्धांत उभा करू नये, आणि प्रयोगांवरही पुढे जोरदार वाद झाला. कॅनडातील जूडी कॅमेरन आणि डेव्हिड पिअर्स यांनी १९९४ साली तोवरचे ९६ प्रयोग एकत्र मांडून सांगितले की बक्षिसाची भीती अवाजवी आहे. डेसी, कोस्नर आणि रायन यांनी १९९९ साली १२८ प्रयोग मांडून त्याला उत्तर दिले. आम्ही दोन्ही बाजू वाचल्या. दोघांचे भांडण दिसते तेवढे मोठे नाही. मनापासून केलेली शाबासकी नुकसान करीत नाही, बहुधा आवड वाढवतेच, हे दोघांनाही मान्य आहे. अनपेक्षित बक्षीसही अपाय करीत नाही. जे काम मुळातच कंटाळवाणे आहे त्याला बक्षीस लावले तर बिघडायला काही नसते. अपाय होतो तो आधीच आवडणाऱ्या कामाला आधीच ठरवून पैसा किंवा वस्तू लावली तेव्हा, आणि लहान मुलांना तो मोठ्यांपेक्षा जास्त होतो, असे डेसी यांच्या बाजूचे म्हणणे. आमचा कौल त्यांना आहे. पण त्यात आमच्या मुलीची वही किती आणि १२८ प्रयोग किती, हे आम्हाला नक्की सांगता येणार नाही.

या संशोधनाचा एक गैरवापर मात्र होतो, त्याबद्दल सावध केले पाहिजे. 'पैशाने आवड मरते, तेव्हा सेवाभावाने करा' असे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात, आणि ते बहुधा सफाई कामगाराला, अंगणवाडीच्या बाईंना सांगतात. स्वतःच्या साहेबाला सांगत नाहीत. पगार हे बक्षीस नव्हे. तो श्रमाचा मोबदला आहे, त्यावर घर चालते. आमच्या आजोबांच्या पिढीने गावकीची कामे भाकरीच्या तुकड्यावर केली, ती काही आंतरिक प्रेरणेने नव्हे. वरील एकाही प्रयोगात कोणाच्या पोटावर पाय देऊन त्याची आवड वाढलेली नाही.

डेसी आणि रिचर्ड रायन यांनी १९८५ च्या आपल्या पुस्तकात हा विचार आणखी पुढे नेला. कामात आपली थोडीतरी मर्जी चालावी, ते आपल्याला जमते आहे असे वाटावे, आणि ज्यांच्यात आपण बसतो ती माणसे आपली वाटावीत. एवढे असले की माणूस आपणहून टिकतो, असा त्यांचा सारांश. हे वाचून आम्ही एका संध्याकाळी अभ्यासिकेत जाऊन नुसते बसलो. भिंतीवर सूचनांचे तीन फलक होते, तिन्ही 'करू नये' अशा अर्थाचे. कोण कुठे बसणार हे देखरेख करणारा ठरवीत होता. आठवीतला एक मुलगा गणितात अडकून वीस मिनिटे पेन्सिल चावत बसला होता, पण बोलायला मनाई असल्यामुळे शेजारच्या बारावीच्या मुलीला विचारू शकत नव्हता. शेवटी तो दप्तर भरून निघून गेला. हजेरीपटावर त्याची उपस्थिती लागलेली होती. त्याला दहा रुपये मिळाले असते, गणित मात्र सुटले नव्हते.

तहकूब विषय पुढच्या बैठकीत आला तेव्हा हे सारे आम्ही तोंडी सांगितले. माकडाची गोष्ट सर्वांना आवडली. दहा रुपयांची सूचना मांडणारा तरुण सभासद मात्र म्हणाला, "दादा, तुमची माकडं पिंजऱ्यातच राहायची. आपल्या पोरांना लांबच्या वस्तीतून यायला रिक्षाचे पैसे लागतात. ती येणारच नसतील तर आवड लागणार कधी?" त्याचे म्हणणे खोडता येण्यासारखे नव्हते. दाराशी पोचायला पैसे लागणे आणि आत बसल्याबद्दल पैसे मिळणे या दोन गोष्टी आम्ही सगळेच एकत्र करून भांडत होतो.

ठराव झाला तो असा. हजेरीला पैसे नाहीत. देणगीच्या रकमेतून लांबून येणाऱ्या मुलांच्या प्रवासाची सोय करावी. शेवटचा अर्धा तास मोठ्यांनी लहानांना शिकवण्यासाठी बोलायला मोकळा ठेवावा. जागा ज्याने त्याने निवडावी. तीनपैकी दोन फलक काढावेत. खोली झाडणे, बाकडी पुसणे यांच्या पाळ्या लावाव्यात आणि त्या करणाऱ्यांना महिनाअखेर वह्या द्याव्यात. या कामाची आवड मरण्याची भीती कोणालाच वाटली नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत उपस्थिती वाढली. परीक्षा जवळ आल्यामुळे वाढली की ठरावामुळे, हे हजेरीपटावरून सांगता येत नाही. पेन्सिल चावणारा मुलगा परत आला आहे.

दहावी-बारावीत पहिल्या आलेल्यांना दरवर्षी रोख बक्षीस द्यायचे, ही संस्थेची जुनी प्रथा तशीच ठेवावी, की आधी जाहीर न करता द्यावी, की त्याऐवजी गरजूंच्या फीसाठी ती रक्कम वापरावी, यावर मात्र एकमत झाले नाही. गुरुजी या वेळी बक्षिसाच्या बाजूने होते. त्यांना स्वतःला १९६८ साली मिळालेला पेला त्यांच्या कपाटात अजून आहे. तो विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जाईल. सभासदांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आपले मत तत्पूर्वी कार्यालयात लेखी द्यावे.